बैलाचा गुडघा कुठे असतो?

दसरा झाला की बीड जिल्ह्यातली कितीतरी गावं निम्मीशिम्मी रिकामी होतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी अशा तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. ज्यांच्याकडे बैलजोडी आहे ते बैलगाडीवर जातात, आणि हंगाम संपेपर्यंत त्यांची सगळी मदार बैलांच्या आठ पायांवर असते. तिकडे, परक्या मुलखात, बैल लंगडायला लागला की फोन बहुधा गावाकडच्या ओळखीच्या डॉक्टरला लागतो. असं बोलणं साधारण कसं चालतं ते पाहा.

"डॉक्टरसाहेब, बैल उजव्या पायानं लंगडायलाय."

"पुढचा का मागचा?"

"पुढचा."

"उजवा म्हणजे बैलाचा उजवा का तुमचा?"

इथे पलीकडचा माणूस अडतो. तो वेसण धरून बैलाच्या तोंडासमोर उभा आहे, म्हणजे त्याच्या उजव्या हाताला बैलाचा डावा पाय आहे. मग तो सांगतो, "आतला पाय, आतला!" आणि गुंता आणखी वाढतो. गाडीवानाच्या बोलण्यात आत म्हणजे दांडीकडे, जोडीतल्या दुसऱ्या बैलाकडे. उजवीकडे जुंपलेल्या बैलाचा आतला पाय हा त्याचा डावा, तर डावीकडे जुंपलेल्याचा आतला पाय हा त्याचा उजवा. डॉक्टरच्या पुस्तकात मात्र आतली बाजू प्रत्येक पायाला असते आणि ती बैलाच्या स्वतःच्या मध्याकडे असते. फोटो मागवला तरी सुटका होईलच असं नाही. काही फोन समोरच्या कॅमेऱ्यानं काढलेलं चित्र आरशासारखं उलटं साठवतात.

जगभरच्या पशुवैद्यकांनी यावर काढलेला तोडगा तसा साधा आहे. दिशा बघणाऱ्याच्या नाहीत आणि जमिनीच्याही नाहीत, त्या जनावराच्या अंगावर आहेत. बैल उभा असो, रवंथ करत बसलेला असो, नाहीतर पत्री मारण्यासाठी पाय बांधून आडवा पाडलेला असो, दिशा त्याच्याबरोबर फिरतात. डावं-उजवं नेहमी जनावराचं. डोक्याकडचं ते क्रेनियल, शेपटीकडचं ते कॉडल. पाठीकडचं डॉर्सल, पोटाकडचं व्हेंट्रल. मग नाकपुड्यांच्या मधून शेपटीच्या टोकापर्यंत, जनावराचे डावा आणि उजवा असे दोन सारखे भाग पाडणारी एक उभी पातळी कल्पायची. तिच्या जवळचं ते मीडियल, तिच्यापासून लांबचं ते लॅटरल. पायांपुरती आणखी एक जोडी लागते. धडाजवळचा भाग प्रॉक्सिमल आणि धडापासून लांबचा डिस्टल. पत्री मारणारा बैलाचा पाय वर उचलून धरतो तेव्हा खूर आभाळाकडे असतो, तरी तो डिस्टलच राहतो.

एवढी उठाठेव कशाला, साधं वर-खाली, पुढे-मागे का नको, असं वाटेल. अडचण माणसानं करून ठेवली आहे. माणूस दोन पायांवर उभा राहिला आणि त्याचं पोट पुढे आलं, पाठ मागे गेली, डोकं वर गेलं. बैलाच्या पुढे आहे ते डोकं, वर आहे ती पाठ आणि खाली आहे ते पोट. माणसाच्या शरीरशास्त्रातलं पुढचं म्हणजे पोटाकडचं. तेच पुस्तक गोठ्यात नेलं तर पुढचं म्हणजे डोक्याकडचं होतं. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं ते १८८६ मध्ये. माणसाच्या अवयवांच्या नावांची पहिली मोठी एकसारखी यादी बाझेलला मान्य झाली १८९५ मध्ये. पण पशुशरीरशास्त्रज्ञांची जागतिक संघटना उभी राहायला १९५७ साल उजाडलं आणि जनावरांसाठीची नामावली छापून यायला १९६८. तोवर जनावरांच्या डॉक्टरांना माणसासाठी शिवलेले शब्द उसवून वापरावे लागले. आज परभणीच्या किंवा उदगीरच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाला शिकणाऱ्या मुलाला हे दिशांचे शब्द सुरुवातीलाच पाठ करावे लागतात. तेव्हा ते त्याला निव्वळ घोकंपट्टी वाटत असणार. त्यांची किंमत गोठ्यात कळते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. हळद आणि तूप-लोणी लावून बैलाचा खांदा चोळतात, वर्षभर जू वाहिलेली ती जागा मऊ करतात. आता ही जागा नेमकी कुठे आहे ते बघा. लाल कंधारी असो की देवणी, आपल्या बैलांना वशिंड असतं, आणि ते हाड नसून मुख्यतः स्नायू आहे. जू त्या वशिंडाच्या लगेच क्रेनियल बाजूला, मानेच्या डॉर्सल अंगावर टेकतं. आपण ज्याला खांदा म्हणतो तो असा मानेचा वरचा भाग आहे. हाडांचा खरा खांदा, म्हणजे फऱ्याचं चपटं हाड आणि दंडाचं हाड जिथे जुळतात तो सांधा, बराच खाली, छातीच्या पुढच्या कोपऱ्याशी आहे. खांदेसूज मानेच्या कातडीत आणि कातडीखाली येते, त्या सांध्यात नाही. "खांदा सुजलाय" एवढंच फोनवर कळलं तर दोन्ही शक्यता उरतात, आणि दोन्हींचे उपचार अगदी वेगळे. सूज वशिंडाच्या पुढे, पाठीकडे आहे एवढं जोडलं की एक शक्यता गळते.

जनावर बाहेरून मध्यपातळीच्या दोन्ही बाजूंना सारखं दिसतं. आत तसं अजिबात नाही. गाई-म्हशींच्या पोटाचा जवळजवळ सगळा डावा भाग एकट्या पहिल्या कप्प्यानं, कोठीपोटानं, अडवलेला असतो; मोठ्या जनावरात त्यात शंभर लिटरच्या वर ऐवज मावतो. त्यानं यकृताला उजवीकडे ढकललेलं असतं, आणि गाभण गाईचं वाढलेलं वासरूही बहुधा उजव्या कुशीतच हाताला लागतं. म्हणून डाव्या भकाळीवर, म्हणजे शेवटच्या बरगडीमागच्या खळग्यावर, मूठ दाबून धरली तर मिनिटाला एक-दोनदा आतून ढकलल्यासारखं लागतं. ती कोठी कडबा घुसळत असते. ही हालचाल थांबली की जनावर बिघडलं म्हणून समजावं.

ओला कोवळा लसूणघास जास्त झाला की फुगते तीही डावी भकाळीच. पोटफुगी हाताबाहेर गेली, श्वास कोंडायला लागला, तर डॉक्टर तिथे जाड पोकळ सुई खुपसून वायू काढतात. सुई कुठे रोखायची याची पुस्तकातली खूण मला फार आवडते: डाव्या भकाळीतून उजव्या कोपराकडे. या एका वाक्यात व्हेंट्रल, क्रेनियल आणि मीडियल या तिन्ही दिशा आल्या. जनावर उभं असो की कोसळलेलं, कोपर जिथे आहे तिथेच राहतं. घरच्या घरी हा प्रयोग करू नये हे सांगायला हवं, कारण चुकीच्या दिशेनं गेलेली सुई पोटाच्या पोकळीत घाण सांडते.

याच पोटाचा दुसरा, आतून जाळीदार असलेला कप्पा सगळ्यांत क्रेनियल आहे. पोट आणि छाती यांच्यामधल्या पडद्याला तो चिकटून असतो, आणि पडद्यापलीकडे काही सेंटीमीटरवर हृदय. वैरणीतून आलेली तार किंवा खिळा वजनानं या कप्प्यात पडतो. कप्पा आवळला की ती तार पुढे ढकलली जाते, आणि गाईच्या शरीरात इथून पुढे म्हणजे थेट हृदयाकडे. अशी गाय पाठ कमानीसारखी करून, दोन्ही कोपरं अंगापासून फाकवून उभी राहते. पुढे गळ्याखालच्या पोळीत आणि छातीखाली पाणी उतरून सूज येते. घाट चढताना तिला फारसा त्रास होत नाही, पण उतरताना ती कण्हते, कारण उतारावर पोटातलं सगळं ओझं क्रेनियल बाजूला, त्या पडद्यावर येतं. बालाघाटात गुरं चारणाऱ्यानं नुसतं "उतरणीला कण्हती" असं सांगितलं तरी डॉक्टरचे कान टवकारतात.

डोक्यात आणि पावलात शब्द थोडे बदलतात, ते चटकन उरकू. डोक्याच्या आत क्रेनियल म्हणून चालत नाही, कारण सगळंच डोकं आहे; तिथे मुसक्याकडचं ते रोस्ट्रल. पायात मनगटापासून आणि घोट्यापासून खाली पुढच्या बाजूला डॉर्सल म्हणतात, मागच्या बाजूला पुढच्या पायात पामर आणि मागच्या पायात प्लँटर, म्हणजे आपल्या तळहाताची आणि तळपायाची बाजू.

बैलाच्या पायात मनगट आणि घोटा कुठून आले? आता प्रकरणाच्या नावातल्या प्रश्नाकडे येऊ.

नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात कुणालाही विचारा, बैलाचा गुडघा कुठे. तो पुढच्या पायाच्या मधल्या फुगीर सांध्याकडे बोट दाखवील. बैल बसताना आधी तोच टेकतो, तिथलीच कातडी घासून जाड होते, तेव्हा बोट दाखवणाऱ्याला दोष देता येत नाही. पण हाडं मोजली तर तो सांधा आपल्या मनगटाचा आहे. बैल चार हातापायांच्या प्रत्येकी दोन बोटांच्या टोकांवर चालतो, आपल्या हिशेबात मधलं बोट आणि करंगळीशेजारचं. त्यांची नखं म्हणजे दुभंगलेलं खूर. मागच्या अंगाला लोंबणारी दोन छोटी खुरं ही त्यांच्या शेजारची दोन बोटं, आणि अंगठा नाहीसाच झाला. मनगटापासून बोटापर्यंतचं अंतर आपल्या तळहाताएवढं असायचं ते वाढून लांबलचक नळी झाली. कोपर गेलं वर, छातीला टेकून.

मागच्या पायात तर आणखी गंमत. मागे टोक काढलेला जो सांधा आपल्याला "उलटा गुडघा" वाटतो तो घोटा आहे आणि ते टोक म्हणजे टाच. खरा गुडघा, वाटीसकट, वर पोटाशी, भकाळीच्या खाली कातडीत लपलेला. तो आपल्यासारखाच पुढे टोक काढतो. कुठल्याच जनावराचा गुडघा उलटा नसतो, मोराचाही नाही. पाटोदा तालुक्यातल्या नायगावच्या मयूर अभयारण्यात मोर चालताना दिसले तर त्यांच्या पायातला मागे वाकणारा सांधा घोटा समजावा. गुडघा पिसांत झाकलेला असतो. आणि जो पिसारा तो फुलवतो तीही त्याची शेपटी नव्हे. ती शेपटीच्या डॉर्सल बाजूला, पाठीच्या शेवटी उगवलेली लांब आच्छादक पिसं आहेत. खरी शेपटी त्यांच्यामागे आखूड, तपकिरी, वीसेक पिसांची, आणि पिसाऱ्याला टेकू देणं हे तिचं काम. मोराला पाठमोरा पाहणाऱ्यालाच ती दिसते.

सांधे कुठे आहेत ते कळलं की हालचालींचे शब्द सोपे होतात. सांध्यातला कोन कमी झाला की आकुंचन, वाढला की प्रसरण. पाय मध्यपातळीपासून बाहेर फाकला तर ॲबडक्शन, आत आला तर ॲडक्शन. हाड स्वतःच्या लांबीच्या अक्षाभोवती फिरलं तर परिवलन. बैलाच्या पायात यातलं पहिलं भरपूर आणि बाकीचं बेताचंच आहे. त्याला गळपट्टीचं हाड नाही. पुढचे पाय धडाला हाडानं जोडलेलेच नाहीत, दोन फऱ्यांच्या मध्ये छाती स्नायूंच्या झोळीत टांगावी तशी टांगलेली असते. हाताची दोन हाडंही त्याच्यात एकजीव झालेली. आपण तळहात वर करून भाकरी घेतो, मांजर पंजा वळवून तोंड पुसतं, बैलाला खूर असं वळवता येत नाही. त्याच्या पायाची घडण ओझं घेऊन पुढे-मागे जाण्यासाठी झाली आहे.

मागच्या खुब्यात मात्र गाय घोड्यापेक्षा मोकळी आहे. घोड्याच्या मांडीच्या हाडाच्या गोळ्याला एक जादा बंध असतो, तो पायाला फारसं बाहेर फाकू देत नाही. म्हणून घोडा मुख्यतः मागे लाथ झाडतो. गाईला तो बंध नाही. ती पाय आधी पुढे घेते, मग बाहेरून फिरवून मागे फेकते, म्हणूनच बाजूला उभ्या असलेल्या माणसालाही ती लागते. उठण्याची तऱ्हाही उलटी. घोडा आधी पुढचं अंग उचलतो, तर गाय आधी मागचं उचलून क्षणभर पुढच्या "गुडघ्यांवर" थांबते. चारा छावणीतलं अशक्त जनावर मागचं अंग उचलू शकलं नाही तर पुढचं उचलायची पाळीच येत नाही.

खुब्याच्या या मोकळेपणाची किंमतही आहे. पाय आत ओढून धरणाऱ्या स्नायूंची नस कमरेच्या हाडांच्या आतून जाते. वासरू मोठं असेल, विणं अडलं असेल, तर ती चेपते आणि व्यालेली गाय उभी राहताना मागचे पाय दोन बाजूंना फाकत जाते. ओल्या फरशीवर तर हमखास. दोन्ही मागच्या पायांना थोडं अंतर ठेवून सैल दावं बांधणं आणि पायाखाली माती किंवा पेंढा टाकणं हा त्यावरचा उपाय.

मागच्या पायाचं आणखी एक दुखणं आपल्याकडच्या गाई-म्हशींत आणि बैलांत नेहमीचं आहे. बैल चालताना एक मागचा पाय मागे ताठ राहतो, खुराचं टोक जमिनीवर घासत येतं आणि मग झटक्यानं सुटतं. मालक खूर दाखवतो, कारण झिजलंय ते खूर. बिघाड मात्र त्या लपलेल्या गुडघ्यात असतो. वाटी मांडीच्या हाडाच्या आतल्या कंगोऱ्यावर चढून अडकते. गुडघा प्रसरणात कुलूपबंद होतो, आकुंचन होत नाही. वाटीला खाली बांधणारे बंध तीन: आतला, मधला, बाहेरचा. शस्त्रक्रियेत फक्त आतला, म्हणजे मीडियल, कापायचा. तो कापला की वाटी सुटते आणि बैल बऱ्याचदा तिथल्या तिथे सरळ चालायला लागतो. आतला म्हणजे बैलाच्या मध्याकडचा, दांडीकडचा नव्हे.

पण आकुंचन या एका शब्दावर जीव वाचतो तो अडलेल्या विण्यात. नीट येणाऱ्या वासराचे आधी पुढचे दोन पाय येतात आणि त्यांच्यावर टेकलेलं मुसकं. कधी मागचे पाय आधी येतात. आत घातलेल्या हाताला दिसत तर काहीच नाही, लागतात दोन ओली खुरं. पुढची की मागची? खुरांचे तळवे गाईच्या पोटाकडे असले तर बहुधा पुढची, पाठीकडे असले तर बहुधा मागची; पण वासरूच उताणं असलं तर ही खूण फसते. न फसणारी खूण सांध्यांची आहे. खुरावरचा पहिला सांधा वाकवायचा, मग त्याच्या वरचा मोठा. दोन्ही एकाच बाजूला वाकले तर तो पुढचा पाय, कारण वरचं ते मनगट आहे. एक इकडे आणि दुसरा तिकडे वाकला तर मागचा, कारण वरचा तो घोटा आहे आणि हाताला टाचेचं टोकही लागेल. दोन पाय एकाच वासराचे आहेत ना, हेही हात वर सरकवून पाहायचं. जुळं असलं तर दोघांचा एकेक पाय हातात येतो.

ओढायचं कुठल्या दिशेला, हा पुढचा प्रश्न. आधी सरळ मागे, गाईच्या कण्याच्या रेषेत, तिच्या कळेबरोबर. डोकं आणि छाती बाहेर आली की ओढ व्हेंट्रल वळवायची. गाय उभी असेल तर ती दिशा जमिनीकडे जाते, आणि म्हणून बघणारे "खाली ओढा, खाली" असं शिकतात. पण अडलेली गाय बहुतेक वेळा कुशीवर पडलेली असते. तिथे जमिनीकडे ओढलं तर वासरू तिच्या एका बाजूला वाकडं ओढलं जातं आणि आणखी अडतं. पडलेल्या गाईत व्हेंट्रल म्हणजे तिच्या मागच्या पायांच्या मधून, कासेच्या दिशेला. ते पाय भिंतीकडे असले तर भिंतीकडे. एवढं करूनही वासराचा खुबा अडकला तर जोर वाढवून उपयोग नसतो. गाईच्या कमरेची वाट उंचीला जास्त आणि रुंदीला कमी असते, आणि वासराचा खुबा रुंदीला जास्त. तेव्हा वासराला त्याच्याच लांबीच्या अक्षाभोवती पाव वळसा देतात, म्हणजे त्याची रुंदी तिच्या उंचीत बसते, आणि मग पुन्हा कळ येईपर्यंत थांबतात.